तळटीप : ढालकऱ्याने ‘टाइड ऑफ आयर्न’च का घेतली?

* लेखक इथे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २००८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीविषयी बोलतो आहे. तोवर मांत्रिकाने मंत्रांची यादी चाळायची आणि योद्ध्याने तलवार चालवायची, अशी साधारण वाटणी होती. या आवृत्तीत योद्ध्यालाही ‘पॉवर्स’ मिळाल्या : काही हव्या तितक्यांदा वापरायच्या, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. पहिल्या पातळीवर हव्या तितक्यांदा वापरायच्या दोनच घेता येतात (पात्र मानवी असेल तर तीन), आणि खरा पेच तिथेच.

या हव्या तितक्यांदा वापरायच्या पॉवर्सपैकी ‘शुअर स्ट्राइक’ नवख्याला भुलवते, कारण फाशात दोनची भर पडते. पण तिच्या माराला ताकदीचा बोनस मिळत नाही. आठ बाजूंच्या फाशाची तलवार, बोनस चार आणि एरवी घाव लागण्याची शक्यता निम्मी धरली, तर ढोबळ हिशेबाने ‘क्लीव्ह’ची सरासरी ४.२५ पडते, हिची २.७. शिवाय ‘क्लीव्ह’ शेजारच्या शत्रूलाही जाता जाता प्रसाद देते. ‘टाइड ऑफ आयर्न’ला ढाल लागते, घाव बसला की शत्रू (फार धिप्पाड नसेल तर) एक चौकोन मागे रेटला जातो आणि त्याच्या जागी योद्धा सरकू शकतो. योद्ध्याचे काम मारण्याइतकेच अडवण्याचे, म्हणून दार रोखून उभ्या राहणाऱ्या ढालकऱ्याला हीच शोभते. दोन्ही हातांनी परशू चालवणाऱ्याने मात्र ‘रीपिंग स्ट्राइक’ घ्यावी. घाव चुकला तरी ताकदीच्या बोनसाइतका मार बसतोच.