इंटर्नशिप कुठे आणि कधी मागायची? सीमाभागातील पदवी विद्यार्थ्यांसाठी माहिती

बेळगाव : कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘इंटर्नशिप’ हा शब्द दिसला की मुलांची धावपळ सुरू होते. इंजिनिअरिंगच्या मुलांना निदान प्लेसमेंट सेल असतो, सिनियर्स असतात. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना बहुतेक वेळा स्वतःच हिंडावे लागते. खानापूर, कडोली, उचगावहून रोज बसने ये-जा करणाऱ्या अनेकांना वाटते की इंटर्नशिप म्हणजे बेंगळुरू नाहीतर पुणे. मग खोलीभाड्याचा हिशेब करून ते नाद सोडतात, किंवा ऑनलाइन पैसे भरून घरबसल्या सर्टिफिकेट मागवतात. पहिल्यात संधी जाते, दुसऱ्यात पैसे जातात आणि हाताला काम काहीच लागत नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि सीमेपलीकडचे शिनोळी एवढा परिसर नीट धुंडाळला तरी बऱ्याच जणांची सोय इथल्या इथे होऊ शकते.

आधी तास किती, ते बघा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात चौथ्या सेमिस्टरनंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप सांगितली आहे. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर हे २ ते ४ क्रेडिट होतात. कॉलेज सुटल्यावर रोज ४ तास दिले तर ६० तास कामाच्या १५ दिवसांत आणि १२० तास कामाच्या ३० दिवसांत भरतात. म्हणजे त्यासाठी गाव सोडायची गरज नाही.

मात्र कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांच्या पदवीची वेगळी रचना लावली आहे. त्यामुळे आपल्या बॅचला काय लागू आहे, हे मागच्या वर्षीच्या मुलांना विचारून चालत नाही. तास किती, डायरी कोणत्या नमुन्यात, महाराष्ट्र किंवा गोव्यातली कंपनी चालेल का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे. त्याचवेळी कॉलेजच्या लेटरहेडवर शिफारसपत्र मागावे. ओळखीच्या माणसाने फोन केला तर दार उघडते हे खरे, पण आत बसवून घ्यायला मालकाला कागद लागतो. हा मुलगा कोण, किती दिवस येणार आणि पगार मागणार नाही ना, हे त्या पत्रातून त्याला कळते.

कॉमर्सच्या मुलांनी तारखा सांभाळाव्यात

बी.कॉम.वाल्यांसाठी सीए किंवा कर सल्लागाराचे ऑफिस ही सगळ्यात जवळची जागा. तिथे ‘नाही’ ऐकावे लागते ते पुष्कळदा चुकीच्या दिवशी गेल्यामुळे. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि ३बी ची २० तारखेची असते. ९ किंवा १९ तारखेला गेलेल्या मुलाकडे मान वर करून बघायलाही तिथे कुणाला सवड नसते. २१ तारखेनंतर दुपारी जावे. आणि इन्कम टॅक्सची गर्दी सुरू झाल्यावर जुलैत जाण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये विचारलेले बरे. तेव्हा शिकवायला थोडा वेळ असतो आणि पुढच्या गर्दीत हाताखाली माणूस मिळेल म्हणून त्यांनाही ते परवडते.

काम सुरुवातीला कंटाळवाणे वाटते. व्हाउचर तपासणे, बँक पासबुक खात्याशी जुळवणे, टॅलीत नोंदी करणे, खरेदीची बिले जीएसटीआर-२बी शी ताडून बघणे. पण मुलाखतीत पुढे हेच विचारतात. इथे एक गोष्ट स्पष्ट असावी : ही इंटर्नशिप म्हणजे सीए कोर्सची आर्टिकलशिप नव्हे. आर्टिकलशिपची नोंदणी वेगळी असते आणि जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे.

फाउंड्री आणि मशीनशॉपमध्येही कॉमर्सच्या मुलाला काम असते, स्टोअर्समध्ये नाहीतर डिस्पॅचला. सीमाभागाचा इथे चक्क फायदा आहे. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथून उद्यमबागेत माल विकला तर अंतर थोडे, पण विक्री आंतरराज्य, म्हणून आयजीएसटी. माल ५० हजार रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल. कास्टिंग मशीनिंगसाठी जॉबवर्कला दुसऱ्या राज्यात पाठवले, तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. पुण्यातल्या मुलाने पुस्तकात वाचलेली ही गोष्ट इथला मुलगा रोज हाताने करू शकतो. बायोडेटात ‘जीएसटीचे ज्ञान’ असे मोघम लिहिण्याऐवजी हे लिहावे.

बी.एस्सी. आणि बी.ए.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जायचे असेल तर गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मे महिन्यात तिथे मशिनरीची दुरुस्ती चालू असते, रस तपासायला मिळत नाही. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषध संशोधन संस्थाही आहे. तिथे चौकशी करताना प्राध्यापकांमार्फत जावे. बी.ए.च्या मुलांनी स्थानिक वृत्तपत्रे, वाचनालये, पतसंस्थांची ऑफिसे आणि शाळा यांचा विचार करावा.

भाषेची भीती अनेकांना असते. कारखान्यात मराठी, कन्नड, हिंदी सगळेच चालते. पण काउंटरवर बसायचे तर कामापुरते कन्नड हवे. येत नसेल तर आधीच सांगावे आणि शिकायची तयारी दाखवावी. बायोडेटा एका पानाचा पुरे. त्यात रास, रक्तगट, मामाचे गाव असे काही नको, तो कागद वेगळ्या कामाचा.

पैसे, योजना आणि फसवणूक

साध्या इंटर्नशिपला स्टायपेंड द्यावाच असा कायदा नाही. छोट्या ऑफिसात बसभाडे आणि चहा मिळाला तरी चांगले. मात्र रोज ८ तास, तीन-चार महिने फुकट राबवून घेणारा शिकवत नसतो, त्याला बिनपगारी माणूस हवा असतो. तिथे थांबू नये.

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेबद्दल मुलांचा मोठा गैरसमज आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हाच्या नियमांत वय २१ ते २४, मुदत १२ महिने, दरमहा ५ हजार आणि एकदाच ६ हजार रुपये अशी तरतूद होती. पण पूर्णवेळ शिकणाऱ्याला त्यात अर्ज करता येत नव्हता. म्हणजे कॉलेजच्या क्रेडिटसाठी तिच्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नाही, पदवीनंतर मात्र त्यावेळचे नियम बघून जरूर प्रयत्न करावा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खालची अॅप्रेंटिसशिपही वेगळी. तिथे करार होतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो.

ऑनलाइन शोधायचे तर एआयसीटीईचे पोर्टल, इंटर्नशाला, लिंक्डइन आहेत. नियम एकच ठेवावा : नोंदणी फी, सिक्युरिटी डिपॉझिट, ट्रेनिंग किट यासाठी पैसे मागितले की फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

सर्टिफिकेट घेतल्याशिवाय निघू नये

शेवटच्या आठवड्यातच सर्टिफिकेटचा मसुदा दाखवावा. लेटरहेड, सुरुवात आणि शेवटची तारीख, एकूण तास, केलेले काम, सही, शिक्का एवढे हवेच. ‘वर्तणूक चांगली’ एवढ्या एका ओळीवर क्रेडिट अडू शकते. डायरीवर दर आठवड्याला सही घ्यावी, शेवटी एकदम घेतलेल्या सह्या लगेच ओळखू येतात. नाव मार्क्सकार्डवर जसे आहे तसेच लिहून घ्यावे. कार्डावर आद्याक्षर, आधारवर वडिलांचे नाव आणि सर्टिफिकेटवर नुसते आडनाव असे झाले, तर पुढे पडताळणीत तीच व्यक्ती असल्याचे सिद्ध करत बसावे लागते. मूळ प्रती दोन मागाव्यात, एक कॉलेजला आणि एक घरी.