गुत्तीचा निळा कोळी

गुत्तीच्या दुर्गाचे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला मुरारराव घोरपड्यांमुळे ठाऊक असते. १७७६ साली हैदरअलीने तो दुर्ग घेतला आणि घोरपड्यांची तेथील सत्ता संपुष्टात आली. पुढे सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर आंध्रातील याच गावाचे नाव विद्वानांच्या ग्रंथांत पुन्हा आले, ते मात्र कोणा सरदारामुळे नव्हे, एका कोळ्यामुळे.

गुत्तीच्या रेल्वे-वखारीतील लाकडांत तळहाताएवढा, निळसर झाक मारणारा एक केसाळ कोळी सापडला. लंडनच्या संग्रहालयातील कोळ्यांचे पंडित पोकॉक यांनी १८९९ साली त्याचे वर्णन करून त्याला पीसिलोथेरिया मेटॅलिका असे नाव दिले. नावाच्या पहिल्या पदाचा अर्थ चित्रविचित्र श्वापद, आणि दुसरे त्याच्या धातूसारख्या तकाकीवरून आलेले. पोकॉक यांचा हिंदुस्थानातील कोळी-विंचवांवरील मोठा ग्रंथ पुढच्याच वर्षी निघाला. परंतु बाटलीतील मृत प्राण्यावरून अवयव मोजता येतात, सवयी कळत नाहीत.

त्यानंतर १०२ वर्षे हा कोळी कोणाच्या दृष्टीस पडल्याची नोंद नाही. गुत्तीच्या परिसरात शोध झाले, ते व्यर्थ गेले. याचे कारण, तो गुत्तीचा नव्हताच! लाकडाबरोबर आगगाडीने आलेला तो एक परगावचा प्रवासी असावा, असे आता मानले जाते. दप्तरात एकदा गावाचे नाव पडले की ते पुसणे किती कठीण, याचा अनुभव कचेऱ्यांत नित्य येतो. शास्त्राची दप्तरेही त्याला अपवाद नाहीत. अखेर २००१ साली, गुत्तीपासून शंभरांहून अधिक किलोमीटर दूर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात जुन्या वृक्षांच्या ढोलीत तो जिवंत आढळला.

येथून त्याच्या इतिहासाला निराळे वळण लागले. युरोप-अमेरिकेत मोठे कोळी पाळण्याचा छंद तोवर चांगलाच रुजला होता. हा निळा जीव त्या मंडळींच्या काचपेट्यांत पोहोचला, आणि बाटलीने जे सांगितले नव्हते ते काचपेटीने सांगितले. उभी ठेवलेली झाडाची साल आणि पाण्याची वाटी एवढ्यावर तो सुखाने राहतो. मादी दहाबारा वर्षे जगते, नर तीनचार. पिले प्रथम फिकट असतात; प्रत्येक कात टाकताना निळाई गडद होत जाते. कात टाकण्यासाठी तो पाठीवर उताणा पडतो, तेव्हा नवख्या पाळणाऱ्याला तो मेलाच असे वाटते. जाणता मात्र त्याला हातही लावीत नाही. अमेरिकेतील त्याचे भाऊबंद अंगावरचे खाजरे केस शत्रूवर उडवतात. याच्याजवळ ते अस्त्र नाही. चपळ पाय आणि दंश एवढाच त्याचा आधार. दंशाने तीव्र वेदना होतात, स्नायूंना पेटके येतात, पण त्याने माणूस दगावल्याची नोंद नाही.

त्याचा निळा रंगही मुळी रंगद्रव्याचा नव्हे. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या कुळात अशी निळाई निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उद्भवली. आपल्याकडे ऊर्णनाभाचा दृष्टांत मुंडकोपनिषदापासून चालत आला आहे. तेथे तो सृष्टी निर्माण करणाऱ्या अक्षरतत्त्वाचे रूप आहे. तथापि स्वतःच्याच अरण्यातील हा ऊर्णनाभ परक्यांच्या दिवाणखान्यात आधी ओळखीचा झाला, हे काहीसे खटकतेच.

२००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. त्याचे ज्ञात वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरांहूनही कमी, आणि तेही एकाच ठिकाणी. २०१९ साली जिनीव्हा येथील परिषदेत ही सारी प्रजाती वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतली गेली. तेव्हापासून तिची देशादेशांतील ने-आण परवान्यानेच होऊ शकते. हा परवाना बंदरावर तपासला जातो. अरण्यात मात्र सरपणासाठी कुऱ्हाड चालते ती जुन्या, पोखरलेल्या झाडांवरच, आणि ढोल्या असतात त्या त्याच झाडांना.