एका देहांत दोन व्याधि



जन्मभर मीं वर्गांत हजेरी घेतली. म्हणून आज ज्या मुलांची हकीकत सांगणार आहें, त्यांची संख्या मनांतून जात नाहीं. इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांत अपंग मुलांसाठीं ट्रेलोर नांवाची निवासी शाळा आहे. १९७० ते १९८७ या काळांत तेथें हिमोफिलियाचे १२२ विद्यार्थी होते. या विकारांत रक्त नीट गोठत नाहीं. सांध्यांत रक्तस्राव होऊन मूल अंथरुणाला खिळतें. शाळेच्या आवारांतच उपचारकेंद्र होतें. तेथें रक्त गोठविणारें औषध मुलांना टोचीत, आणि मुलें वर्गांत परतत.

हें औषध हजारों लोकांच्या रक्तांतील द्रव एकत्र करून बनवीत. अमेरिकेंत तो द्रव पैसे देऊन घेत, तुरुंगांतील कैद्यांकडूनहि! हजारांत एक रोगी निघाला, तरी सारा सांठा दूषित. विकतच्या रक्तापासून काविळीचें भय अधिक, हें रिचर्ड टिटमस यांनीं १९७० सालींच आपल्या ग्रंथांत मांडलें होतें.

त्यांतील एका काविळीस पुढें कित्येक वर्षें नांवहि नव्हतें. 'ए' नव्हे आणि 'बी' नव्हे, एवढीच तिची ओळख. 'हेपॅटायटिस सी'चा विषाणु १९८९ सालीं सांपडला. तोंवर त्याच औषधांतून एच.आय.व्ही.हि शरीरांत शिरला होता. ब्रिटनमध्यें रक्तस्रावाच्या विकाराच्या सुमारें १,२५० रोग्यांना तो जडला. त्यांत सुमारें ३८० मुलें होतीं. हेपॅटायटिस सी तर जवळजवळ सर्वांनाच होता.

एच.आय.व्ही. प्रतिकारशक्ति पोखरतो; त्यामुळें जें यकृत कठीण होण्यास एरवीं वीस-तीस वर्षें लागावयाचीं, तें फार लवकर कठीण होतें. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार आला व एच.आय.व्ही. आटोक्यांत येऊं लागला. पण वांचलेल्यांपैकीं कित्येक पुढें यकृताच्या विकारानें गेले. आगींतून निघाले ते फुफाट्यांत. हेपॅटायटिस सी नुसत्या गोळ्यांनीं बरा करण्याचे दिवस २०१३ नंतर उजाडले. आतां दोन्ही विषाणु असलेल्यांनाहि बहुधा १२ आठवडे पुरतात.

२० मे २०२४ रोजीं न्यायमूर्ति सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल बाहेर आला. धोका ठाऊक असूनहि ट्रेलोरच्या मुलांना तीं औषधें दिलीं, त्यांच्यावर संशोधन केलें, आणि पुष्कळ आईबापांना त्याचा पत्ताहि नव्हता, असें त्यांत नमूद आहे. आम्ही मास्तर मुलांना सहलीस न्यावयाचें तरी वडिलांची सही मागत असूं.

अहवाल निघाला तेव्हां त्या १२२ पैकीं सुमारें ३० जण हयात होते.