प्रयोगशाळेतील बदली कामगार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एका अमेरिकेतील विदुषीचे नाव सांगितले. चालक क्षणभर गप्प झाले. युनियनचा माणूस बोनसवर बोलेल, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे शिक्षण रात्रशाळेतले आणि पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयातले. रेण्वीय जीवशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु ज्या बाईंविषयी मी बोलणार आहे, त्यांच्या चरित्रातला एक प्रश्न मी लहानपणापासून माझ्या घरात पाहिला आहे. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते.

बदली म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. पाळीच्या वेळी गिरणीच्या दारावर हजर राहायचे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभे राहायचे. आला तर भाकरीचा डबा तसाच घेऊन घरी परतायचे. काम तेच, घाम तोच, हातचे कसबही तेच. फक्त नाव कायमच्या पटावर नाही. आज ना उद्या कायम होऊ, या आशेवर वर्षे निघून जात. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून आपण आता अमेरिकेत जाऊ.

शर्ली टिलमन यांचा जन्म 1946 साली कॅनडातील टोरांटो येथे झाला. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून 1968 मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशात जाऊन दोन वर्षे त्यांनी माध्यमिक शाळेत शिकवले. मग अमेरिकेत येऊन फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातून 1975 साली जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फिलिप लेडर यांच्या प्रयोगशाळेत त्या उमेदवारी करू लागल्या.

आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याचा एक घटक म्हणजे ग्लोबिन. ते कसे घडवायचे याची आज्ञा पेशीतल्या जनुकात लिहिलेली असते. उंदराच्या अफाट जनुकसंचातून ग्लोबिनच्या जनुकाचा तेवढा तुकडा निवडून काढायचा, आणि जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूत घालून त्याच्या असंख्य प्रती करून घ्यायच्या, हे काम या मंडळींनी 1977 मध्ये साधले. सस्तन प्राण्याचे जनुक अशा रीतीने हाती आल्याची ही पहिली उदाहरणे. पुढच्याच वर्षी त्यांना असे दिसले की, या जनुकातला मजकूर सलग नाही. मध्येच असे भाग येतात की जे पेशी कापून टाकते आणि उरलेले जोडून घेते. ज्ञानाच्या इतिहासात नोंद व्हावी असे हे काम. परंतु ते ज्या टिलमनबाईंच्या हातून झाले, त्या तेव्हा कोठेही कायम नोकरीत नव्हत्या. ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

1986 साली त्या प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. या विद्यापीठाची स्थापना 1746 सालची, आणि पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळाला तो 1969 साली! तेथे टिलमनबाईंच्या प्रयोगशाळेने 1991 मध्ये एच-19 या जनुकाविषयी एक विलक्षण गोष्ट दाखवली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. या जनुकाची आईकडची प्रत तेवढी बोलते. बापाकडची मुकी राहते. मानवी जनुकसंच वाचण्याच्या महाप्रकल्पाचा आराखडा 1988 साली ज्या समितीने मांडला, तिच्याही त्या सभासद होत्या. हे सर्व घटस्फोटानंतर एक मुलगी आणि एक मुलगा एकटीने वाढवीत असताना.

आता माझ्या विषयाकडे येतो. प्रयोगशाळेत हाताने काम कोण करतो? सरकार अनुदान देते ते प्राध्यापकाच्या नावे. त्या पैशातून तो विद्यार्थी आणि डॉक्टरेट झालेले उमेदवार संशोधक ठेवतो. रात्री जागून प्रयोग करतात ते हे लोक. पगार बेताचा, नेमणूक वर्षा-दोन वर्षांची, आणि आशा अशी की एक दिवस आपणही प्राध्यापक होऊ. पण साधा हिशेब करा. एका प्राध्यापकाने आपल्या कारकिर्दीत वीस माणसे तयार केली, तर त्याच्या निवृत्तीनंतर रिकामी होणारी खुर्ची एकच. उरलेल्या एकोणीस जणांनी कोठे जायचे?

हा प्रश्न विचारणारी जी समिती अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमली, तिच्या अध्यक्षा टिलमनबाई होत्या. तिचा अहवाल 1998 साली आला. जीवशास्त्रातल्या तरुणाला पहिली कायम नोकरी मिळेपर्यंत वयाची पस्तिशी ते चाळिशी गाठावी लागते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांची संख्या यापुढे वाढवू नये, आणि पुढे नोकरीची शक्यता किती, हे विद्यार्थ्याला आधीच खरे सांगावे, अशा शिफारशी होत्या. ज्यांची स्वतःची प्रयोगशाळा याच हातांवर चालत होती, त्यांनी हे लिहिले. जॉबरानेच बदलीच्या पद्धतीवर बोट ठेवावे, असा हा प्रकार. त्याबद्दल मी बाईंना मानतो.

मात्र त्यांच्या प्रत्येक मताला मी मान डोलावणार नाही. 1993 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, प्राध्यापकांची कायम नेमणुकीची पद्धतच रद्द करावी, असे त्यांनी सुचवले होते. कारण असे की, कायम होण्यासाठी जी पाच-सहा वर्षे अहोरात्र राबावे लागते, नेमकी तीच स्त्रीची मूल होण्याची वर्षे. निदान अचूक होते. पण औषध? नोकरीची शाश्वती काढून घेणे हे औषध मालकवर्गाच्या हाती नेहमीच तयार असते. कारण कोणतेही असो, पुडी तीच. स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून सर्वांनाच बदली करून टाकायचे, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना पटणारे नाही.

पुढे जे घडले ते फार बोधप्रद आहे. प्रिन्स्टनला नवा अध्यक्ष शोधण्यासाठी समिती नेमली गेली. टिलमनबाई तिच्या सभासद होत्या. शोधता शोधता समितीला वाटले की, योग्य व्यक्ती आपल्याच टेबलाशी बसली आहे. त्यांना समितीतून बाहेर पडून उमेदवार व्हावे लागले, आणि 2001 साली त्या विद्यापीठाच्या एकोणिसाव्या अध्यक्षा झाल्या. तोवरचे अठराही अध्यक्ष पुरुष होते.

आता अधिकार हाती होता. त्यांनी कायम नेमणूक मोडली नाही. त्यांच्या कारकिर्दीत, 2005 साली, असा नियम झाला की, मूल झाले की कायम होण्याच्या मुदतीत एक वर्ष आपोआप वाढावे, आईला आणि बापालाही. पूर्वीही मुदत वाढवून मिळत असे, परंतु त्यासाठी अर्ज करावा लागे. आणि अर्ज केला तर आपण कच्चे ठरू, या भीतीने अनेक जण तो करीतच नसत. "आपोआप" या एका शब्दाने ही भीती गेली. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक हाच. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा 1929 साली झाला, तो याच तत्त्वासाठी. 1993 च्या लेखापेक्षा 2005 चा हा नियम मला कितीतरी मोलाचा वाटतो.

पण प्रयोगशाळेतल्या बदलीवाल्यांचे काय झाले? 2013 मध्ये टिलमनबाई अध्यक्षपदावरून उतरल्या. 2014 साली ब्रूस अल्बर्ट्स, मार्क कर्शनर आणि हॅरॉल्ड वार्मस या तीन नामवंत शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तेच दुखणे पुन्हा मांडले होते: माणसे फार, जागा थोड्या, आणि जीवघेणी स्पर्धा. उमेदवारांना चांगला पगार द्या, आणि प्रयोगशाळेत कायम नोकरीचे शास्त्रज्ञ नेमा, असेही सांगितले होते. म्हणजे 1998 नंतर सोळा वर्षे लोटली, एवढ्या मोठ्या विद्यापीठाची सूत्रे बारा वर्षे हाती राहिली, तरी मूळ पद्धत जागच्या जागीच होती. याचा दोष मी एकट्या बाईंना देत नाही. एका विद्यापीठाने सुधारणा केली तरी अनुदानाची सारी व्यवस्था बदलत नाही. आणि अहवालाने दुखणे सांगता येते. ते दूर करायला ज्याला दुखते त्यालाच उठावे लागते.

तो उठला. नोव्हेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले सुमारे 48,000 शिक्षणकामगार संपावर गेले. त्यांत हे उमेदवार संशोधकही होते. डिसेंबर 2023 मध्ये बेथेस्डाच्या त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या उमेदवारांनी मतदान करून युनियन स्थापली. मे 2024 मध्ये प्रिन्स्टनच्या उमेदवार संशोधकांनीही युनियनच्या बाजूने कौल दिला. आणि ही सारी मंडळी कोणत्या युनियनच्या झेंड्याखाली गेली? मोटार कामगारांच्या! मोटारीच्या कारखान्यातला फिटर आणि जनुके वाचणारा डॉक्टर एका संघटनेत बसले. हे वाचले त्या दिवशी मला वडिलांची फार आठवण झाली.

ही गोष्ट दूरदेशची आहे, असे समजून कोणी घरी जाऊ नये. आपल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी तरुण आहेत. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर उपवास. त्यांच्यापाशी पदव्या आहेत, कायमच्या पटावर नाव नाही. त्यांतले काही आज या मंडपातही बसले असतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आपल्याला कामगार म्हणवून घेण्याचा संकोच त्यांनी सोडावा. युनियनच्या कचेरीचे दार संध्याकाळी सहानंतर उघडे असते.