अभियंत्याची उमेदवारी

अभियांत्रिकीची पदवी मिळाल्यावर अभियंत्याच्या पदाऐवजी पर्यवेक्षक, आरेखक वा तंत्रज्ञ म्हणून व्यवसायास प्रारंभ करण्याची प्रथा. अभियंता संकल्पन व नियोजन करतो, कारागीर प्रत्यक्ष काम करतो आणि तंत्रज्ञ हा या दोहोंमधील दुवा असतो, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. महाराष्ट्रात मात्र ती कामाच्या स्वरूपापेक्षा सरकारी सेवेतील श्रेणींवरून अधिक रूढ झाली.

पुणे येथे १८५४ मध्ये निघालेला अभियांत्रिकी वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने सुरू झाला होता. म्हणजे या प्रदेशातील अभियांत्रिकी शिक्षणाचा उगमच कनिष्ठ पदांच्या गरजेतून झाला. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन तेथे एल्. सी. ई. ही पदवी मिळू लागली. खात्यात मात्र अभियंत्यांचा वर्ग वेगळा आणि ओव्हरसियर, सब-ओव्हरसियर इत्यादींचा दुय्यम वर्ग वेगळा राहिला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये ही परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले व १८८४ मध्ये सहायक अभियंता झाले. परंतु अशा नियुक्त्या मोजक्याच असत. इतरांना अन्य मार्ग शोधावे लागत व त्यांत दुय्यम वर्गातील नोकरीचाही समावेश होई.

विदर्भात नागपूर येथे शासकीय अभियांत्रिकी विद्यालय १९१४ मध्ये व विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये स्थापन झाले. पहिल्याचे पुढे तंत्रनिकेतन झाले. पदविका व पदवी असे दोन्ही स्तर अशा रीतीने एकाच शहरात उपलब्ध झाले.

पंचवार्षिक योजनांच्या काळात पदवीधरांची संख्या झपाट्याने वाढली. १९६५ ते १९६७ या काळातील अवर्षण, उद्योगांतील मंदी आणि १९६६–६९ मधील वार्षिक योजना यांमुळे नव्या पदांची निर्मिती मंदावली व सुशिक्षित अभियंत्यांची बेकारी हा राष्ट्रीय प्रश्न बनला. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम मूलतः कारागिरांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. एक वर्षाच्या या प्रशिक्षणात उमेदवारास विद्यावेतन मिळते. मात्र तो कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. करारात तशी अट नसल्यास मुदतीनंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने याबाबतचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, अशी तरतूद झाली. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि पदवीधरांच्या संख्येत पुन्हा मोठी भर पडली.

या इतिहासाचा अर्थ ग्रामीण भागात अधिक स्पष्ट होतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे असेच एक गाव. जिल्ह्यातील जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ मधील आहे, तर पवनी तालुक्यातच वैनगंगेवर असलेल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. अशा मोठ्या कामांत अभियंत्यांच्या जागा थोड्या असतात. मोजणी, देखरेख, चाचणी व देखभाल यांसाठी लागणारे मनुष्यबळ त्याहून बरेच अधिक असते. घराजवळ राहू इच्छिणाऱ्या पदवीधरास त्यामुळे बहुधा खालच्या पायरीचाच विचार करावा लागतो.

खालच्या पायरीवरील काम निरुपयोगी नसते. काँक्रीटचा घट्टपणा, यंत्राचा आवाज आणि मजुरांचा वेग यांची जाण आराखड्यावरून येत नाही. परंतु पदवीधराने पदविकाधारकाची जागा घेतली, की पदविकाधारकास कारागिराच्या जागेकडे वळावे लागते आणि कारागीर कामाबाहेर पडण्याचा धोका संभवतो. शिवाय वर जाण्याचा मार्ग नियमांनी बंद असल्यास उमेदवारी ही कायमची नोकरी होऊन बसते व घेतलेले शिक्षण वाया जाते. म्हणून प्रारंभीचे पद कोणते, यापेक्षा त्या पदावरून पुढे जाण्याची वाट खुली आहे काय, हाच या प्रथेच्या मूल्यमापनाचा खरा निकष ठरतो.