प्रश्न विचारण्याची जागा : भौतिकशास्त्राच्या विद्यार्थी-मंडळांचा इतिहास

हावडा–मुंबई लोहमार्गावरील भिलाई पावर हाउस हे पोलादनगरीचे स्थानक. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आज भिलाईचे नाव प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांसाठीही घेतले जाते. शेजारच्या दुर्ग शहरात विश्वनाथ यादव तामस्कर यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचा कुटेलाभाठा येथील परिसर २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. भौतिकशास्त्र शिकण्याची सोय येथे आहे, परीक्षा देण्याची तर भरपूर आहे. परंतु तासाबाहेर, गुणांची चिंता न करता, अर्धवट समजलेल्या विषयावर बोलायचे असेल, तर पदवीच्या विद्यार्थ्याने कोठे जावे?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजमध्येही होता. प्योत्र कपित्सा १९२१ साली रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले, तेव्हा तेथील चर्चासत्रांतील अदब त्यांना खटकली. वडीलधारी मंडळी बोलत आणि तरुण गप्प बसत. ऑक्टोबर १९२२ मध्ये, स्वतःची डॉक्टरेटही पूर्ण झालेली नसताना, त्यांनी एक छोटे मंडळ सुरू केले. महाविद्यालयातील कोणाच्या तरी खोलीत सायंकाळी जमायचे, फळ्यावर खडूने मांडायचे आणि वक्त्याला वाटेल तेथे थांबवायचे, एवढाच नियम. कपित्सा स्वतः मुद्दाम ढोबळ चुका करीत, म्हणजे सर्वांत धाकट्या श्रोत्यालाही त्या दुरुस्त करण्याचा धीर यावा, अशी आठवण सांगितली जाते.

या ‘कपित्सा क्लब’च्या नोंदवहीत २८ जुलै १९२५ या तारखेला तेवीस वर्षांच्या वेर्नर हायझेनबर्ग यांचे व्याख्यान नोंदलेले आहे. विषय होता वर्णपटांचा. पुंज यामिकीचा पाया घालणारा त्यांचा शोधनिबंध जर्मन नियतकालिकाच्या कार्यालयात पोहोचल्याची नोंद त्याच्या दुसऱ्याच दिवसाची, २९ जुलैची आहे. पुढे फेब्रुवारी १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉनची हकिकत याच मंडळींना सांगितली. अनेक दिवसांच्या जागरणाने ते इतके थकले होते की, आता भूल देऊन पंधरा दिवस झोपवा, असे म्हणून त्यांनी भाषण संपवले!

अर्थात कपित्सा क्लब निवडक संशोधकांचा होता. दार सर्वांसाठी उघडे ठेवण्याचा प्रश्न अमेरिकेत अधिक स्पष्टपणे पुढे आला. तेथे १९२१ साली डेव्हिडसन महाविद्यालयात ‘सिग्मा पाय सिग्मा’ ही संस्था निघाली. चांगले गुण असतील तरच सदस्यत्व, असा तिचा रिवाज. १९६८ मध्ये तिचा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या विद्यार्थी शाखांशी मेळ घालून ‘सोसायटी ऑफ फिजिक्स स्टुडंट्स’ उभी राहिली. तिच्या सदस्यत्वासाठी विषयाची आवड पुरते. गुणवंतांचा सन्मान राहिला, पण तो आत येण्याची अट उरला नाही. युरोपात तर पुढाकार विद्यार्थ्यांचाच होता. हंगेरीच्या विद्यार्थ्यांनी १९८६ साली बुडापेस्टला आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली.

भारतात मात्र पुढाकार शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी घेतला, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भालचंद्र उदगावकर आणि वि. गो. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची सुरुवात झाली, तीही मुंबईतील नाना चौकाच्या महापालिका शाळेत. १९८४ मध्ये द्वा. प्र. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने भौतिकशास्त्र शिक्षकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तिच्या राष्ट्रीय परीक्षा आणि भाभा केंद्राची शिबिरे यांच्या जोरावर भारतीय संघ १९९८ साली आइसलंडमधील भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये प्रथम उतरला. २०१५ मध्ये तर ही स्पर्धा मुंबईतच भरली. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लागावी, म्हणून २००४ पासून भाभा केंद्राचा स्वतंत्र उपक्रम आहे. देशातील तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्यांसाठी कोणत्याही गावातील विद्यार्थी अर्ज करू शकतो.

हे काम मोलाचे आहे आणि ते करणाऱ्यांनी आपला खासगी वेळ त्यात ओतला. तरीही या वाटांचे स्वरूप एकच दिसते : अर्ज, चाळणी, निवड. चाळणीतून खाली पडलेल्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र आवडत नाही, असे नव्हे. त्याच्यासाठी मंडळ हवे, आणि ते दिल्लीहून किंवा मुंबईहून चालवता येत नाही. आपल्याकडील अनेक महाविद्यालयीन मंडळे उद्घाटन, राष्ट्रीय विज्ञान दिनाचे पाहुणे आणि प्रश्नमंजूषा यांतच वर्ष काढतात. त्यांत फळ्यापाशी विद्यार्थी क्वचितच उभा असतो.

भिलाईत यासाठी वेगळ्या इमारतीची गरज नाही. आयआयटीचे संशोधक विद्यार्थी आणि दुर्ग–भिलाईच्या महाविद्यालयांतील पदवीचे विद्यार्थी एकाच शहरपट्ट्यात राहतात. आठवड्यातील एक सायंकाळ, तास संपल्यावर रिकामी पडणारी एक खोली, फळा, आणि वक्त्याचे नाव, विषय व तारीख लिहायला एक वही एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वक्त्याला मध्येच थांबवले, तर मागे बसलेल्या प्राध्यापकांनी त्याला गप्प करू नये, एवढी एकच अट आहे.