चाळीतला सडका कांदा आणि युरियाच्या गोणीचा इतिहास

मंडळी, चाळीत कांदा सडला की आपण पावसाला शिव्या देतो, बियाण्याला देतो, सरकारला तर देतोच. पण वाफ्यात काय टाकलं होतं, हे फार कमी जण विचारतात. म्हणून थोडं मागे जाऊ.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. जंगलखात्याने गुरांची चराई कशी बंद पाडली, हे त्यात आहे. गुरं उपाशी, तर खत कुठून येणार? दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, इंग्रज रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांच्या अहवालात जवळपास तेच निघालं : शेतकरी अडाणी नाही, सरपण नाही म्हणून शेण चुलीत जातंय.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा आणि शेणापासून कंपोस्ट करायची पद्धत बसवली. १९५१ मध्ये सिंद्रीचा सरकारी कारखाना सुरू झाला. तिथे बनायचं अमोनियम सल्फेट. त्यात नत्रासोबत गंधकही होतं, आणि कांद्याचा तिखटपणा गंधकामुळेच येतो. नंतर युरिया आला. त्यात नुसतं नत्र.

खरा घोळ ऑगस्ट १९९२ मध्ये झाला. स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं किंमत नियंत्रण उठलं, युरियावरचं राहिलं. २०१० च्या नव्या अनुदान धोरणातूनही युरिया बाहेरच. आज युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना, डीएपीची ५० किलोची १३५० ला. मग शेतकऱ्याचा हात कुठे जाणार? त्यातच ट्रॅक्टर आला, बैल गेले, उकिरडा आटला.

उशिरा दिलेल्या जादा नत्राने पात हिरवीगार दिसते, पण मान जाड राहते. असा कांदा चाळीत टिकत नाही.

शास्त्रज्ञ दोन्हीची सांगड घालायला सांगतात. लागवडीआधी हेक्टरी साधारण १५ टन कुजलेलं शेणखत. स्फुरद, पालाश, गंधक आणि निम्मं नत्र लागवडीला. उरलेलं नत्र ३० आणि ४५ दिवसांनी विभागून. दोन महिन्यांनंतर युरियाला हात नको. शेणखत जमीन भुसभुशीत ठेवतं, ओल धरतं. गोणीतलं खत पिकाची वेळेची भूक भागवतं. यात एक खरं, दुसरं खोटं असं काही नाही.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्याने स्वस्त होतं ते टाकलं. स्वस्त काय ठेवायचं, हे दिल्लीत ठरलं.

तुमच्या घरी शेवटचा उकिरडा कधी भरला होता? कमेंटमध्ये सांगा.